जाकीट, मध्यम माप

साल्वूने ते गॅरेजमधून आणलं
हँगरसकट. आत कुणीतरी ताठ उभं असावं
आणि डोकं तेवढं घरी विसरून आलेलं असावं, तसं.
"बीसीडी म्हण, जाकीट नाही," त्याने बजावलं,
आणि पुढे स्वतःच जाकीट म्हणत राहिला.
खांद्यावरचा लाल उडून गुलाबी,
बगलेत मात्र अजून दुकानातला लाल.
एकशेवीस युरो. सोळा वर्षं. एकच अंग.

मी मार्सलफोर्नच्या बेकरीत पहाटे दोनला कामाला लागतो.
नवं घ्यायचं तर किती पाव भाजायचे,
हा हिशोब एकदा केला होता.
परत केला नाही.

कानाशी धरून हलवलं.
आत खळखळलं, डब्यातल्या शेवटच्या साखरेसारखं.
"मीठ," साल्वू म्हणाला. नजर चुकवली नाही.
"शेवटच्या खेपेला धुतलंच नाही मी.
कानाचा पडदा फाटला, बोटीवरून थेट दवाखान्यात.
नंतर वाटलं, आता कुणासाठी धुवायचं?"
आणि डावा कान माझ्यापुढे केला,
जसा काही तोही विकायला काढलाय.

हवा भरायचं बटण दाबलं. आत गेलं,
बाहेर यायला जरा रेंगाळलं.
ते रेंगाळणं मी मनात वीस युरोंना लावलं.
"वीस मीटर खाली हे असं अडकलं, साल्वू,
तर मी फुग्यासारखा सुटेन वर."
"मग दुरुस्त करून घे की! मी कुठे नाही म्हणतोय?"
दोरी ओढली. मागची झडप
फुस्स उघडली, टप्प मिटली. ती चोख होती.

"घरी ने," तो म्हणाला. "तोंडाने फुगव, रात्रभर ठेव.
सकाळी जेवढी हवा उरेल
तेवढे पैसे दे."

उजव्या खिशात पाण्याखाली लिहायची पाटी निघाली.
पेन्सिलीचं अर्धं पुसलेलं: जुडिता, तिकडे बघ,
आणि एक बाण. बाण आता खिशाच्या शिवणीकडे.
मी पाटी पुढे केली.
"राहू दे," तो म्हणाला, "तिने तेव्हाच पाहिलं होतं."

न्हाणीघरात टबात बुडवून धुतलं.
नळी दाबली तसे दोन बुडबुडे आले, मग
बराच वेळाने तिसरा.
तीनदा पाणी बदललं, तरी ओठांवर खारट.
सतरा श्वासांत फुगलं. अठराव्याला
गच्च होऊन त्याने माझा श्वास परत केला.
खुर्चीत बसवलं.
रात्री आई पाणी प्यायला उठली
आणि अंधारात खुर्चीला म्हणाली, "कोण आलंय?"

दोन वाजता अंगठ्याने दाबून पाहिलं.
कणकेचं मला कळतं:
खळगा झटकन भरला तर थांब अजून,
सावकाश भरला तर भट्टीत घाल,
भरलाच नाही तर उशीर केलास.
याचं काय कळणार?
किंचित सैल. गळतंय कुठे?
की खिडकी उघडी राहिली, आणि गारठ्याने
हवाच अंग चोरून बसली?
शिवणीला गाल लावून ऐकत राहिलो.
फ्रीज तेवढा गुरगुरत होता.

काम संपवून तसाच गेलो,
नव्वद युरो आणि दोन गरम फ्तीरा घेऊन.
नोटा त्याने मोजल्या नाहीत. फ्तीरा मात्र हुंगला.
मग जाकिटाला अंगठा लावला, जिथे मी लावला होता तिथेच,
आणि विचारलं, "धुताना आत काही होतं का रे?
माझं?"

"तीन बुडबुडे," मी म्हटलं,
पण चुकून डाव्या कानाशी.
"काय?" त्याने मान फिरवून उजवा कान दिला.
मग मला मोठ्याने सांगावं लागलं, भर गल्लीत,
तीन बोटं वर करून.
समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई
तिन्ही बोटांकडे बघत राहिली.